कुत्र्याच्या गोचिडी व घरधन्याचें कर्तव्य

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक मुलगा दोन दिवस खालीं मान घालून बसलेला आम्हीं पाहिला. विचारतां कळलें कीं, घरच्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी फार झाल्या म्हणून वडिलांनीं कपाशीवर फवारून उरलेलें औषध पाण्यांत कालवून त्याच्या पाठीवर ओतलें. कुत्र्यानें अंग चाटलें व तो रात्रींतच गेला. वडील निर्दय नव्हते. त्यांस गोचिडी मारावयाच्या होत्या, कुत्रा नव्हे. परंतु २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर अशींच औषधें फवारतांना २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें वऱ्हाडांत कोणास ठाऊक नाहीं? जें मनुष्याच्या कातडींतून शिरून जीव घेतें, तें मुक्या प्राण्यानें कसें सोसावें? घासलेट चोळणें, काडीनें चटका देणें, हे उपायही आम्हांस त्याच पंक्तींतले वाटतात.

मूळ चूक अशी कीं, शत्रूचें घर आपण कुत्र्याच्या पाठीवर शोधतों; वास्तविक तें आपल्याच भिंतींत असतें. कुत्र्याची तांबूस गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली कीं खालीं उतरते, भिंतीच्या भेगेंत शिरते आणि तेथें हजारों अंडीं घालते. त्यांतून निघालेलीं सहा पायांचीं पिलें कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरून कात टाकतात व पुन्हा चढतात. जन्मांत असें तीनदां होतें, आणि मध्यंतरीं महिनेच्या महिने उपाशी राहण्याची त्यांची तयारी असते. पिसवांचेंही घर जमिनीवरच; अंडीं अंगावरून गळून गोणपाटांत व ओसरीच्या फटींत पडतात. कुत्रा हाकलून दिला तर त्या उपाशी पिसवा घरच्या माणसांस चावूं लागतात. जुन्या मातीच्या घरांस भेगांचा काय तोटा!

म्हणून भेगा लिंपाव्या, केर रोज काढावा, कुत्र्याचें अंथरूण कढत पाण्यांत धुवावें. सायंकाळीं त्याचे कान, पट्ट्याखालची मान व बोटांच्या बेचक्या तपासाव्या. गोचीड चिमट्यानें अगदीं कातडीलगत धरून सरळ ओढावी. नखानें चिरडूं नये, तिच्या पोटांत रोगाचे जंतू असूं शकतात. केसांतून काळी पूड पडली तर ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावी. तांबडी झाली कीं ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेंच रक्त, असें समजावें. औषध पशुवैद्यानें कुत्र्याचें वजन पाहून दिलेलेंच वापरावें. कुत्र्यांचे कांहीं थेंब मांजरास विष होतात, हेंही ध्यानांत असूं द्यावें. कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकांतून रक्त आलें, तर एक दिवसही थांबूं नये.

“कुत्र्यावर एवढा खर्च?” असें कांहीं पालक विचारतील. रात्रभर जागणाऱ्या राखणदारास वेतन नाहीं, निदान औषध तरी द्यावें, असें आमचें मत आहे. शिकारी कुत्र्यांपासून ससा वांचविणाऱ्या श्रीचक्रधरांची लीळा महानुभावांच्या या रिद्धपुरांत कोणास सांगावयास नको. आमच्या नीतिसूत्रांतही पशूच्या जिवाची काळजी हें नीतिमानाचें लक्षण गणलें आहे. दोन्हीं ठिकाणीं खर्चाचा हिशेब आम्हांस आढळला नाहीं.

त्या मुलाच्या घरीं दिवाळीनंतर नवें पिलूं आलें. ओसरीची भिंत त्याआधींच लिंपून झाली होती. ती वडिलांनीं स्वतः लिंपली, असें मुलानें आम्हांस मुद्दाम येऊन सांगितलें.