राजीनामा त्यांचा आणि राजीनामा आमचा

म्हैसूर नगरविकास प्राधिकरणाचे, म्हणजे 'मुडा'चे, अध्यक्ष के. मरीगौडा १६ ऑक्टोबर २०२४ रोजी पायउतार झाले. कारण काय दिले? प्रकृती! भूखंडवाटपाचे प्रकरण पेटलेले, तत्कालीन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या पत्नीने आपल्या नावचे १४ भूखंड पंधरवड्यापूर्वीच परत केलेले, आणि प्रकृती बिघडली ती नेमकी तेव्हा.

पुढे २०२५ मध्ये लोकायुक्त पोलिसांनी सिद्धरामय्यांविरुद्ध पुरावा नसल्याचे कळवले. दोषी कोण ते कोर्टाने ठरवावे. आमचा सवाल राजीनाम्याचा आहे.

सब-पोस्टमास्तरच्या कॅशमध्ये शंभर रुपये कमी भरले की नियम १४ खाली चार्जशीट. बुकिंग क्लार्कच्या गल्ल्यात व्हिजिलन्सला जादा नोट सापडली की एसएफ-५ हातात. ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप. अशा माणसाने 'तब्येत बरी नाही' म्हणून राजीनामा देऊन पाहावा! चौकशी चालू असताना तो सहसा मंजूरच होत नाही. बडतर्फी मात्र होते.

पुढाऱ्याचा राजीनामा चटकन मंजूर होतो आणि वर त्याला 'नैतिकता' म्हणतात. सिमेंट प्रकरणात १९८२ साली अंतुले गेले, 'आदर्श' प्रकरणात २०१० साली अशोक चव्हाण गेले. पुढे अंतुले केंद्रात मंत्री झाले, चव्हाण खासदार. (आमचा बडतर्फ गँगमन पुन्हा गँगवर आलेला कुणी पाहिलाय?)

आमचा माणूस रिटायर झाला तरी चौकशी संपेपर्यंत त्याची ग्रॅच्युइटी अडवून ठेवतात. खुर्ची सोडणाऱ्यालाही हाच नियम लावा, एवढीच आमची मागणी आहे.