प्रदर्शनातील खरेदी : दरासाठी की पारखीसाठी?

दसरा-दिवाळी जवळ आली, किंवा तुळशीचे लग्न पार पडून लग्नसराईची चाहूल लागली, की कोल्हापुरात ‘भव्य प्रदर्शन व विक्री’चे फलक दिसू लागतात. कसबा बावड्यापासून ताराबाई पार्कापर्यंत घरोघरी वर्तमानपत्राच्या घडीतून त्यांची पत्रके येऊन पडतात. साड्या, दागिने, गृहोपयोगी वस्तू, लोणची-पापड असे सारे एका छताखाली, तीन-चार दिवसांची मुदत, आणि ‘थेट उत्पादकाकडून, कारखान्याच्या दरात’ हे आश्वासन. घरातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात, माल हाताळल्याविना घेऊ नये. एकदा जाऊन यावे. नव्या पिढीचे म्हणणे असे, की हे सर्व मोबाईलवर घरबसल्या दिसते. गर्दीत जाऊन दिवस का घालवावा? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ग्राहकाच्या दृष्टीने प्रदर्शनाला जाणे आजही फायद्याचे आहे का, या प्रश्नाचे उत्तर तो तेथे कशासाठी जातो, यावर अवलंबून आहे.

आधुनिक काळातील पहिले मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काचेच्या भव्य प्रासादात भरले. मे ते ऑक्टोबर या काळात तेथे सुमारे ६० लाख भेटी झाल्या. विशेष हे, की मांडलेल्या वस्तूंवर किमती लावण्यास तेथे मनाई होती. कोणत्या देशात काय घडते, कोणाचे काम सरस आहे, हे लोकांनी पाहावे, तुलना करावी आणि शिकावे, हा त्या आयोजनाचा हेतू होता. ‘प्रदर्शन’ या शब्दाला ‘विक्री’ हा शब्द नंतर जोडला गेला, आणि हळूहळू विक्रीच मुख्य होऊन पाहणे मागे पडले.

कोल्हापूरला माल समोर ठेवून पारखण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या बाजारपेठेत गुळाचे सौदे रवे समोर मांडूनच होत आले. रव्याचा रंग, कणी आणि घट्टपणा पाहिल्याशिवाय व्यापारी बोली लावत नसे. ज्याची नजर तयार, त्याचा सौदा फायद्याचा, हे या पेठेतील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. प्रदर्शनाचा विचारही याच कसोटीवर करावयास हवा.

पूर्वी प्रदर्शनाचे तीन लाभ सांगितले जात : विविधता, स्वस्ताई आणि उत्पादकाशी थेट गाठ. यांपैकी विविधतेचा लाभ आता मोबाईलने बहुतांशी हिरावून घेतला आहे. स्वस्ताईचा हिशेब तर कोणत्याही व्यापाऱ्याला तोंडपाठ असावा. स्टॉलचे भाडे, मालाची ने-आण, माणसांचा प्रवास, निवास व भोजन हा सारा खर्च तीन-चार दिवसांच्या विक्रीतूनच वसूल व्हावा लागतो. तो अखेर मालाच्या किमतीतच मिसळतो. वरून सवलतीचा फलक लावला म्हणून तो नाहीसा होत नाही. राहिला थेट गाठीचा लाभ. परंतु कोल्हापूरकरांसाठी अनेक वस्तूंचे उत्पादक मुळातच जवळ आहेत. चांदीच्या दागिन्यांसाठी हुपरी, कापडासाठी १९०४ पासून यंत्रमाग चालवणारी इचलकरंजी, घाऊक कापडासाठी गांधीनगर ही ठिकाणे तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहेत. जे बारा महिने हाताशी आहे, ते चार दिवसांच्या मंडपात गडबडीने घेण्याचे कारण काय?

दराच्या मोहात ग्राहक कसा फसू शकतो, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध चांदीचा दर १ ग्रॅमला १०० रुपये धरू, आणि कर दोन्हीकडे सारखाच असल्याने बाजूला ठेवू. २०० ग्रॅम वजनाचे पैंजण घ्यावयाचे आहेत. गावातील पेढीवर ते ९२.५ टंचाचे आहेत. म्हणजे त्यात शुद्ध चांदी १८५ ग्रॅम, मूल्य १८,५०० रुपये. त्यावर १२ टक्के घडणावळ २,२२० रुपये. एकूण २०,७२० रुपये. प्रदर्शनात मात्र ‘घडणावळ माफ’ असा फलक आहे आणि २०० ग्रॅमचे सरळ २०,००० रुपये सांगितले जातात. ७२० रुपये वाचले असे वाटते. परंतु ते पैंजण ८० टंचाचे असतील, तर त्यात शुद्ध चांदी केवळ १६० ग्रॅम, म्हणजे १६,००० रुपयांची. माफ केलेली घडणावळ ४,००० रुपयांच्या रूपाने, धातूच्या मूल्याच्या २५ टक्के दराने, वसूल झालेली असते. पुढे कधी ते मोडीला द्यावे लागले, की हा फरक उघड होतो. पण तोवर मंडप उठलेला असतो. म्हणून दागिन्याच्या खरेदीत पहिला प्रश्न दराचा नसावा. टंच किती आणि ते बिलावर लिहून देणार का, हा असावा.

सोन्याच्या बाबतीत कायद्याने ग्राहकाला बरेच संरक्षण दिले आहे. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून ६ चिन्हांचा स्वतंत्र ओळख-क्रमांक असणे आवश्यक ठरले. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो क्रमांक टाकला, की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाचा आहे, शुद्धता किती आहे, हे जागेवरच कळते. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कुंदन, पोलकी आणि जडाव या प्रकारच्या दागिन्यांना ही सक्ती नाही. लाख, खडे आणि सोने यांचे वजन निराळे केल्याविना अशा दागिन्याची किंमत समजत नाही. म्हणून निव्वळ सोन्याचे वजन बिलावर स्वतंत्र लिहून घ्यावे. दुसरे, चांदीवर हॉलमार्क अद्याप ऐच्छिक आहे. हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च भरून मिळण्याची तरतूद नियमांत आहे. पण भरपाई मागण्यासाठी विक्रेता सापडावा लागतो. पेढीवरचा सराफ उद्याही तेथेच असतो. प्रदर्शनातील विक्रेता उद्या दुसऱ्या शहरात असतो. दोघांत सचोटीचा फरक असेलच असे नाही. पत्त्याचा फरक मात्र निश्चित आहे.

हा पत्ता जेथे सापडतो, तो कागद म्हणजे बिल. परराज्यातील व्यापाऱ्याला महाराष्ट्रातील प्रदर्शनात माल विकावयाचा असेल, तर वस्तू व सेवा कर कायद्यानुसार त्याला सर्वसाधारणपणे येथे नैमित्तिक करदाता म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी व्यवसाय सुरू होण्यापूर्वी किमान ५ दिवस अर्ज करावयाचा, अंदाजे कर आगाऊ भरावयाचा, आणि ही नोंदणी अधिकतम ९० दिवसांसाठी मिळते. महाराष्ट्रातील नोंदणी-क्रमांकाचा आरंभ २७ या अंकांनी होतो. कर लावलेल्या बिलावर दुसऱ्याच राज्याचा क्रमांक दिसला किंवा क्रमांकच नसला, तर विचारणा करणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, आणि मर्यादेहून कमी उलाढाल असलेल्या बचत गटाकडे वा स्थानिक कारागिराकडे असा क्रमांक नसणे हा दोषही नव्हे. अशा वेळी नाव, पत्ता व दूरध्वनी असलेली साधी पावती पुरेशी होते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. विक्रेता कोठलाही असो, ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत त्यासाठी शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहायता क्रमांकावरही दाद मागता येते. या सर्व वाटा बिलापासून सुरू होतात. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ हे वाक्य ऐकू आले, की ग्राहकाने आपला हक्कही त्याच सवलतीत विकला जात आहे, हे ओळखावे.

मग प्रदर्शनाला जाऊच नये का? तसे मुळीच नाही. हाताने केलेली वस्तू मोबाईलच्या पडद्यावर पारखता येत नाही. हातमागाच्या साडीचा पोत, काठाची वीण, पदराची मागील बाजू ही बोटांनाच कळते. एकाच रांगेतील चार स्टॉलवर एकाच प्रकारचा माल शेजारी ठेवून पाहता येतो, आणि त्यातून नजर घडते. जैन गृहिणीसाठी तर याचे महत्त्व अधिक आहे. मसाल्यात लसूण आहे का, लोणच्यात कंद आहे का, पापड कोणत्या दिवशी लाटले, हे ते करणाऱ्या भगिनीलाच समोर विचारता येते. पिशवीचा पट्टा चामड्याचा आहे की कापडाचा, साडीतील धागा रेशमाचा आहे की सुताचा, याची विचारपूसही तेथे होते. रेशीम वापरावे की वर्ज्य मानावे, हा ज्याच्या त्याच्या घरातील व्रताचा भाग आहे; परंतु जे घ्यावयाचे ते काय आहे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असले पाहिजे. बचत गटांच्या प्रदर्शनांत दिलेला पैसा कष्ट करणाऱ्या हातापर्यंत थेट पोहोचतो, हेही समाधान लहान नाही. एखादी कारागीर आवडली, तर तिचा पत्ता घेऊन यावा. प्रदर्शन चार दिवसांत संपते, पण त्यातून जुळलेला व्यवहार वर्षानुवर्षे चालू शकतो.

व्यापारी कुटुंबे केवळ घरासाठीच खरेदी करीत नाहीत. ती दुकानासाठीही प्रदर्शनांना जातात. रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषद १९८४ पासून मुंबईत आंतरराष्ट्रीय आभूषण प्रदर्शन भरवते, आणि कोल्हापूरचे सराफ रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने तिकडे निघतात. असे घाऊक प्रदर्शन नवे घडणीचे प्रकार पाहण्यासाठी आणि अनेक उत्पादकांचे दर ताडून पाहण्यासाठी निश्चित उपयुक्त आहे. धोका आहे तो जागेवरच्या उत्साहाचा. समजा, तेथे ५ लाखांचा माल २ टक्के स्वस्त मिळाला. बचत १०,००० रुपये. हा पैसा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून १० टक्के व्याजाने उचललेला असेल, तर दरमहा सुमारे ४,१६७ रुपये व्याज पडते. माल अडीच महिने पडून राहिला, की बचत संपली आणि तोटा सुरू झाला. प्रवास व निवासाचा खर्च तर निराळाच. म्हणून जाणत्या व्यापाऱ्याने पहिल्या दिवशी पाहावे, टिपून घ्यावे, आणि मागणी दुकानातील शिल्लक मालाची यादी समोर ठेवून मगच नोंदवावी.

घरच्या खरेदीलाही हाच नियम लागू पडतो. निघण्यापूर्वी काय घ्यावयाचे आणि किती रकमेपर्यंत, हे कागदावर लिहावे. सोन्या-चांदीचा त्या दिवसाचा दर पाहून जावे. मोठी खरेदी पहिल्या फेरीत करू नये. एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशीही ती वस्तू आवश्यक वाटली, तर बिल घेऊन आणावी. ‘आज शेवटचा दिवस’ हे कारण विक्रेत्याचे आहे. ग्राहकाची गरज त्या दिवशी संपत नसते.

जैन गृहस्थाला यासाठी नवी शिकवण शोधावी लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजने-मापे, अस्सलात नकली मिसळणे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन यांचा समावेश आहे. हे दोष आपण बहुधा विक्रेत्याच्या बाजूने वाचतो. परंतु बिलाविना स्वस्त घेणारा ग्राहक आणि टंच न विचारता फलकाला भुलणारा ग्राहक हेही त्या दोषांना बाजारात जागा करून देतात. परिग्रहाचे परिमाण ठरवून बाहेर पडलेल्या घराला सवलतीचे फलक फारसे हलवू शकत नाहीत. दर शोधण्यासाठी प्रदर्शनाला जाण्याचे दिवस आता सरले आहेत. नजर तयार करण्यासाठी, करणाऱ्या हातांची ओळख करून घेण्यासाठी आणि आपल्या व्रतात बसते तेच पारखून घेण्यासाठी मात्र तेथे अवश्य जावे, आणि शक्य तर घरातील मुलांना सोबत न्यावे. माल कसा पाहावा, प्रश्न कसा विचारावा आणि नम्रपणे ‘नको’ कसे म्हणावे, हे शिकवणारी याहून चांगली शाळा व्यापारी घराला सहसा मिळत नाही.