फी माफ झाली, मेसच्या पैशांचं काय?

निकालाचा हंगाम आला की आपल्याकडे गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, गुलाबाचं फूल, ट्रॉफी, पाहुण्यांची भाषणं, जेवण. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्याच स्टेजवर उभी राहिलेली काही पोरं कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या कापडाच्या दुकानात दिसायला लागतात. विचारलं की घरचे सांगतात, 'खर्च झेपत नव्हता.' आपण समजतो फीचा खर्च. बरेचदा तो फीचा नसतोच. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, एसटीचा पास, पुस्तकं, आजारपण यातच घर खचतं.

शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीचं उदाहरण घेऊ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं हे गाव दत्ताच्या देवस्थानावर, पेढे-बासुंदी आणि कवठाच्या बर्फीच्या दुकानांवर, शेतीवर जगतं. शेजारचं कुरुंदवाड तर मशिदीत गणपती बसवणारं गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. या पट्ट्यातल्या मुलाला शिवाजी विद्यापीठात शिकायचं असेल तर कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास. रोज जाऊन-येऊन करायचं तर एसटी पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत आहे, पण दिवसाचे तीन-चार तास रस्त्यात जातात. राहायचं म्हटलं तर खोली आणि मेस. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या गावांना सांगून ठेवलंय की जुलै-ऑगस्टमध्ये हातात पैसा असेलच याची खात्री धरू नका. आणि प्रवेशाचे, मेसच्या डिपॉझिटचे पैसे नेमके त्याच महिन्यांत भरायचे असतात.

सरकार काय करतं ते आधी नीट पाहू, कारण यात आपल्याकडे अर्धवट माहिती फार फिरते. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे ही सवलत आपल्या मुलींचीही आहे, फक्त जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेत काढलेलं पाहिजे. मात्र 'मुलींना शिक्षण मोफत' या वाक्यात वसतिगृह आणि मेस येत नाही. आणि मुलगा बीए-बीकॉमला असेल तर ही सवलत त्याची नाहीच.

राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिच्यात जिल्ह्यामागे जागा ६००. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता मिळू शकतो, तोही मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांना. ६०० जागांमध्ये आपला अर्ज बसला तर मोठा आधार. नाही बसला तर पुन्हा अब्बांच्या खिशाकडे बघायचं.

दिल्लीकडचा आधार तर आटतच चाललाय. पीएचडीसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश निघाला. अल्पसंख्याक मंत्रालयाची तरतूद २०२२-२३ मध्ये ५,०२० कोटींच्या पुढे होती, पुढच्याच वर्षी ती ३,०९७ कोटींवर आली. अकरावीपासून पुढे मिळणाऱ्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीला २०२४-२५ मध्ये सुमारे १,१४५ कोटी दाखवले होते, २०२५-२६ मध्ये सुमारे ४१४ कोटी. बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली, ते स्वागतार्हच. पण पहिल्या वर्षाच्या मुलाच्या मेसचं बिल संशोधन संस्था भरत नसते.

आता विद्यापीठाकडे येऊ. इथे आमचं मत थोडं वेगळं आहे. आपण विद्यापीठाकडे फक्त प्रवेश आणि निकाल देणारं ऑफिस म्हणून बघतो. पण वसतिगृह, ग्रंथालय, आरोग्य केंद्र, कमवा आणि शिका, पूरग्रस्त विद्यार्थ्यांना मदत, या सगळ्यावर किती खर्च करायचा हे दरवर्षी कागदावर ठरतं. राज्य सरकारचं अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या पगाराला जातं. बाकी सेवांचा भार परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि आपल्या मुलांच्या फीमधूनच निघतो. फीची पावती कधी पूर्ण वाचलीय का? महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पावत्यांवर विद्यार्थी कल्याण निधी, गट विमा, आपत्ती व्यवस्थापन, क्रीडा, अश्वमेध असे छोटे छोटे आकडे असतात. एकेकटा आकडा किरकोळ. जिल्ह्याजिल्ह्यातल्या लाखो विद्यार्थ्यांचा मिळून तो किरकोळ राहत नाही. विम्याचे पैसे भरलेत हेच माहीत नसल्यामुळे अपघात झाला तरी दावा न करणारी घरं आम्ही पाहिलीत.

हा खर्च ठरवणाऱ्या अंदाजपत्रकाला अधिसभेची, म्हणजे सिनेटची मान्यता लागते. एक एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, म्हणून ही बैठक साधारण मार्चमध्ये होते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात, त्यातल्या पाच जागा राखीव. ही मतदार नोंदणी आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. आपल्या घरातल्या किती पदवीधरांनी तो केलाय? विधानसभेच्या यादीत नाव नसलं तर आपण आरडाओरडा करतो, या यादीबद्दल मात्र माहितीच नसते. त्याच कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांचीही तरतूद आहे, त्या रखडल्या. त्यामुळे मेसमधल्या मुलाचं म्हणणं अंदाजपत्रकापर्यंत पोचवायला सध्या तरी पदवीधरांचं दारच जवळचं आहे.

दुसरी बाजू आपल्या स्वतःच्या पैशांची. कोल्हापूरला याचा जुना धडा आहे. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभं राहिलं. महाराजांनी जागा दिली, बांधकामाला मदत केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. काही दर्ग्यांचं उत्पन्न बोर्डिंगच्या खर्चाला जोडून दिलं. इमारत एकदा बांधली की संपली. पोरं मात्र रोज जेवतात, म्हणून दरवर्षी येणारा पैसा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. नृसिंहवाडीलाही हा व्यवहार परका नाही. विजापूरच्या आदिलशहाने दत्तस्थानाला औरवाड आणि गौरवाड ही गावं इनाम दिली, असं इथली परंपरा सांगते. इनाम काय, वक्फ काय, कल्पना एकच. मूळ शाबूत ठेवायचं आणि उत्पन्नावर सेवा चालवायची. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजमध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांकडे इनाम नव्हतं, तर त्यांनी घराघरातून धान्य गोळा केलं, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहातली मुलं जेवू घातली. 'कमवा आणि शिका' त्यांचंच, आणि ती योजना आज शिवाजी विद्यापीठातही चालते. तिथे काम करून शिकण्यात कमीपणा मानणाऱ्या पालकांना आमचं सांगणं आहे, जरा चौकशी तरी करा.

हिशेब मांडून बघू. समजा मेसचा महिन्याला ३,००० रुपये खर्च. दहा महिन्यांचे ३०,०००. वीस मुलांचे सहा लाख. तालुक्यातल्या ३०० घरांनी वर्षाला २,००० रुपये दिले तर तेवढेच होतात. अवघड आहे ते पैसे जमवणं नव्हे, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही जमवणं. पहिल्या वर्षी वीस मुलं घेतली आणि दुसऱ्या वर्षी फंड आटला तर ती पोरं अर्ध्यावर लटकतात. म्हणून दहाच घ्या, पण पदवी होईपर्यंत सांभाळा, आणि एक वर्षाचा खर्च आधी बाजूला ठेवून मगच सुरुवात करा.

पैसा कुठल्या रंगाचा आहे तेही वेगळं लिहून ठेवावं लागतं. हनफी मतानुसार जकातीची रक्कम हक्कदाराच्या मालकीची व्हायला हवी. म्हणजे गरजू मुलाच्या हातात देऊन त्याची मेस भरता येईल, पण अभ्यासिकेचं छत किंवा व्यवस्थापकाचा पगार त्यातून काढता येत नाही. तो खर्च सदका, लिल्लाह किंवा साध्या देणगीतून. दोन वेगळी खाती ठेवा, आणि शंका असेल तिथे आपल्या आलिमांना विचारा. आखातात काम करणारे आपले भाऊ भारतीय पासपोर्टवर असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील तर ती 'परकीय देणगी' धरली जात नाही. नागरिकत्व बदललेल्यांकडून मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नये. साखर कारखान्यांकडे सीएसआर मागायला जाणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट: तो कायदा कंपन्यांना लागू आहे, सहकारी कारखान्यांना नाही. तिथे विनंती करता येते, हक्क सांगता येत नाही.

ट्रस्ट नोंदलेला असेल तर दरवर्षी ऑडिट करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. तोच हिशेब एक पानाचा करून जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या फळ्यावर लावला तर कुणाचं काय बिघडतं? किती आले, किती मुलांना दिले, किती शिल्लक. मुलांची नावं मात्र लावू नयेत. मदत घेणाऱ्या पोराची इज्जत सांभाळणं हा हिशेबाचाच भाग आहे. चेक देतानाचा फोटो तर नकोच.

२०२६ आणि २०२७ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे घराघरात जकातीचा हिशेब होतो तेव्हाच विद्यापीठात अंदाजपत्रक ठरत असतं. तालुक्याच्या जमातीने त्या महिन्यात दोन कामं हातात घ्यावीत: पुढच्या वर्षी किती मुलांची मेस भरायची तो आकडा ठरवणं, आणि वसतिगृह, मेस व पूरग्रस्त विद्यार्थ्यांसाठी यंदा किती तरतूद आहे हे अधिसभा सदस्यांना लेखी विचारणं. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर मुलगा उभा राहील तेव्हा पैसे खात्यात तयार असले पाहिजेत, कारण जुलैत कृष्णेचं पाणी वाडीच्या घाटाच्या पायऱ्या चढायला लागलं की वर्गणी मागायला कुणाच्या दारात जाणार?