भूमी वाचल्याशिवाय पाणी कळणार नाही

मराठवाड्यात पाऊस रुसला तरी संकट आणि कोसळला तरी संकट. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२४ च्या प्रारंभी अतिवृष्टीने परभणी जिल्ह्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. दोन्ही वेळी चर्चा झाली ती आभाळाची. वास्तविक पडलेले पाणी कोठे मुरेल, कोठे तुंबेल आणि कोणाच्या शेतातून वाट काढील, हे जमीन ठरवीत असते. त्या जमिनीची नेमकी ओळख करून घेण्याकडे मात्र दुर्लक्षच होत आले आहे.

नियोजनासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या १:५०,००० प्रमाणाच्या सरकारी नकाशांवर समान उंची दाखविणाऱ्या रेषा वीस-वीस मीटरच्या फरकाने काढलेल्या असतात. सह्याद्रीच्या कड्याकपारींसाठी तेवढे पुरेसे आहे. परंतु पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या गोदाकाठच्या काळ्या रानात एका रेषेपासून दुसरीपर्यंत कित्येक किलोमीटर चालावे लागते. आणि शेतात पाणी साचणार की वाहून जाणार, हे तर हात-दीड हाताच्या उतारावर ठरते!

ही उणीव हवाई लेसर मापन, म्हणजेच ‘लायडार’, भरून काढू शकते. विमानातून दर सेकंदाला लाखो लेसर स्पंद खाली सोडले जातात. ते परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून प्रत्येक बिंदूची उंची निश्चित होते. काही स्पंद पानांच्या फटींतून थेट जमिनीला स्पर्श करतात. तेवढेच निवडले की झाडझाडोरा बाजूला सारून उघडी भूमी समोर येते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. जिंतूरकडील डोंगरांच्या पायऱ्या ही त्याच थरांची खूण होय. येथील भूजल मुख्यत्वे खडकाच्या झिजलेल्या भागात, सांध्यांत आणि भेगांत साठते. लेसर जमिनीखालचे पाणी दाखवीत नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. मात्र खडकांच्या पायऱ्या, सरळ रेषेत वाहणारे ओढे, बुजलेले जुने प्रवाह यांचे चित्र हाती आले, तर शोध कोठे घ्यावा हे भूवैज्ञानिकाला कळते. विंधन विहिरींवर विसंबून कर्जबाजारी होणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मोलाचे आहे.

दुसरे कारणही तितकेच गंभीर आहे. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपांचे धक्के परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. अमेरिकेत सिॲटलजवळ दाट जंगलाखाली दडलेली भूकंपाची खूण लेसर मापनानेच उघड केली होती. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या रानात तशी खूण सापडेलच असे नाही. पण किल्लारीचा अनुभव घेतलेल्या प्रदेशाने शोधच घेऊ नये, हे परवडणारे नाही.

हे तंत्र आपल्याला अपरिचित नाही. मुंबई-नागपूर अतिजलद रेल्वेमार्गासाठी मार्च २०२१ मध्ये हवाई लेसर सर्वेक्षण सुरू झाले. वनक्षेत्रांतील जलसंधारणासाठीही त्याचा उपयोग झाला. जून २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झालेल्या दहा राज्यांत महाराष्ट्र होता. राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण, २०२२ ने तर सपाट प्रदेशाचे २५ सेंटीमीटरपर्यंत अचूक उंची-प्रारूप २०३० पर्यंत तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. रेल्वेसाठी जे शक्य होते, ते शेतासाठी अशक्य का असावे? दुष्काळ आणि पूर दोन्ही सोसणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यांना या कामात अग्रक्रम मिळाला पाहिजे.

मात्र नकाशा तयार होऊन संगणकात पडून राहिला, तर खर्च व्यर्थ ठरेल. तो मराठीत, सोप्या स्वरूपात ग्रामसभेपुढे मांडला जावा. बंधारा कोठे बांधावा, चर कोठे खोदावा, वस्ती कोठे हलवावी, याचा निर्णय त्यावर व्हावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि गावोगावच्या सुशिक्षित तरुणांनी या कामी पुढाकार घ्यावा.

कंपनी राजवटीत या देशाची त्रिकोणमितीय मोजणी करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाटी निवर्तले. त्या मोजणीमागे राज्यकर्त्यांची गरज होती. आजची मोजणी भूमिपुत्राच्या गरजेसाठी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.