सहल मंडळाची, बिल कोणाचे?

जर्मनीहून स्वित्झर्लंडमधल्या ऱ्हाईन धबधब्याला गेलेली आपल्या मंडळाची सहल उत्तम झाली, यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद सुरू झाले ते मोबाइलची बिले आल्यावर. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानंतर काय काय लिहिले गेले, ते सर्वांनी वाचले आहे; त्याची उजळणी इथे नको. मात्र ‘सहल मंडळाची, तर भुर्दंडही मंडळानेच सोसावा’ ही मागणी कार्यकारिणीने का मान्य केली नाही, ते सांगायला हवे.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. संघातल्या देशांत रोमिंगचा जादा आकार 15 जून 2017 पासून बंद झाला. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन संघाबाहेर असूनही या नियमात येतात, स्वित्झर्लंड येत नाही. पण तो देश 2008 पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे आपण जर्मनी सोडल्याचे बसमध्ये कित्येकांच्या लक्षातही आले नाही. पासपोर्ट कोणी पाहिला नाही, म्हणून फोनही घरच्याच दरात चालेल असे नाही.

काही जर्मन प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड धरलेले असते, काहींत नसते. म्हणून शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला काहीच लागले नाही आणि दुसऱ्याला चांगलाच फटका बसला. ज्यांनी आधी चौकशी केली, त्यांच्या वर्गणीतून इतरांची बिले भरणे न्याय्य ठरेल का? शिवाय डेटाचा खर्च 50 युरो अधिक करापर्यंत पोचला की कंपनीने तो थांबवायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. पुढे चालू ठेवायला ग्राहकाचा होकार लागतो आणि तो मंडळ देत नाही. यात कोणावरही रोख नाही. लांबच्या प्रवासात मुलांच्या हाती फोन द्यावाच लागतो, हे आम्हीही जाणतो.

हा विषय सभेत ठेवला तेव्हा माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत हिरिरीने लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण सभेला फिरकलेच नाहीत. त्यांच्या भावनांचा आदर आहेच, पण निर्णय सभेतच होतात.

पुढची सहल कोन्स्टान्झला आहे. गाव जर्मनीत असले तरी सीमेपलीकडचे स्विस क्रॉइझलिंगेन अगदी खेटून आहे. जर्मनीतल्या रस्त्यावर उभे असतानाही फोन स्विस टॉवर पकडू शकतो. तेव्हा निघण्यापूर्वी नकाशे उतरवून घ्या, डेटा रोमिंग बंद करा आणि नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी स्वतः निवडा. डेटा लागणारच असेल, तर स्वित्झर्लंड धरलेले ई-सिम घ्या.

भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी तर जर्मनीच परदेश. बँकेच्या ओटीपीसाठी त्यांचे सिम चालू ठेवावे लागते. पण त्यावरचा डेटा बंद करा आणि पॅक नसेल तर आलेला फोन उचलू नका म्हणावे. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा कोणत्या सिमवरून जातो, ते तुम्हीच तपासा. क्रूझवर जाणाऱ्यांनी फोन विमान मोडवर ठेवावा. भर समुद्रात उपग्रहाचे दर लागतात.

गणेशोत्सवासाठी स्वयंसेवकांची नावे अजून पुरेशी आलेली नाहीत. ती चिटणिसांकडे द्यावीत, थकलेली वर्गणी खजिनदारांकडे. बिलांबद्दल ज्यांना आणखी बोलायचे आहे, त्यांनी पुढच्या सभेला अवश्य यावे. सभागृहात वाय-फाय फुकट आहे.