धुऱ्यावरचं झाड आणि वाऱ्याचं गणित

मे महिन्यात आमच्या अकोट भागातली वावरं नांगरून उघडी पडलेली असतात, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून झालेल्या असतात आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर काळी माती उडत असते. धूळच ती, म्हणून आम्ही सोडून देतो. माझ्या मते उडतं ते आमचं भांडवल.

राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हिंडून, वातबोगद्यात प्रयोग करून १९४१ साली वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवर ग्रंथ लिहिला. वाळूच्या टेकड्यांची आजची संगणकी गणितंही त्याच पायावर उभी आहेत. वाळूचा कण तरंगत नाही, उड्या मारत जातो आणि आदळताना पुढचे कण उधळतो. जोराच्या वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाळू साधारण आठपट वाहते.

आपली चिकण माती वाळू नव्हे, हे खरं. पण उन्हाने फुटून ती रवाळ होते. ते रवेही तसेच उड्या मारतात आणि बारीक, सुपीक धूळ मोकळी करतात. हेच गणित उलटंही चालतं: वेग निम्मा झाला, तर माती बहुधा हलतच नाही. म्हणून वारा अडवणारी धुऱ्यावरची निंब-बाभळीची ओळ मोलाची. सावलीने पीक दबतं म्हणून ती आम्ही तोडली.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने उन्हाळ्यात वावरावावरांत सापळे लावून उडणारी माती मोजावी, ही माझी मागणी. आणि शेतकरी भावांनो, यंदा पऱ्हाट्या जाळू नका. बारीक करून वावरातच पसरा आणि पाऊस लागताच धुऱ्यावर निंब लावा.