वहीतले आकडे मटक्याचे नव्हते

आठवीतल्या एका मुलाची वही गेल्या महिन्यात आमच्या नांदूरघाटमध्ये फाडली गेली. फाडणारे त्याचे सख्खे काका. वहीत आकड्यांचे रकाने होते. पहिल्यात मोठमोठे आकडे, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात बरोबर-चूक. काकांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं की पोरगं आकडे लावतंय. दोन थपडा, मोबाईल जप्त, वही चार तुकडे. संध्याकाळी मुलाची आई पदराखाली ते तुकडे घेऊन माझ्या घरी आली. तिला लिहिता-वाचता येत नाही. म्हणाली, "आपा, आप देखो, इसमें जुव्वा है क्या?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गणिताशी माझा संबंध बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरपुरता आला, तोही सरासरी काढण्यापलीकडे गेला नाही. त्यामुळे तुकडे जोडून मी बराच वेळ नुसती पाहत बसले. दुसऱ्या दिवशी मुलाला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "पोकेमॉन का है आपा. रंगवाला पकडने का."

पुढचे चार दिवस मी, आमचे गणिताचे सर आणि तो मुलगा मधल्या सुट्टीत बसलो. जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण नंतर याच विषयावर गावात जे बोललं गेलं ते मला मुळीच मान्य नाही.

पोकेमॉन एमरल्ड हा २००४ साली जपानमध्ये आलेला खेळ. जंगलात फिरायचं, प्राणी पकडायचे, वाढवायचे. प्रत्येक प्राण्याचा एक नेहमीचा रंग असतो, पण क्वचित एखादा वेगळ्या रंगाचा, चमकणारा निघतो. या खेळात त्याची शक्यता ८१९२ मध्ये एक. मुलं महिनोन्महिने फिरतात आणि तो दिसत नाही. ज्याला दिसतो तो नशीबवान.

आता यंत्राला नशीब असतं का? यंत्र फासे टाकू शकत नाही. ते फक्त हिशेब करतं. या खेळात हिशेब असा आहे: हातात जो आकडा असेल त्याला ११०३५१५२४५ ने गुणायचं, त्यात २४६९१ मिळवायचे, आणि ४२९४९६७२९६ ने भागून उरलेली बाकी हा पुढचा आकडा. पुन्हा त्याला गुणायचं, मिळवायचं, भागायचं. सेकंदाला साधारण साठ वेळा. वर एमरल्डमध्ये ही साखळी खेळ सुरू केला की दर वेळी शून्यापासून निघते. शून्यानंतर २४६९१, त्यानंतर ३९१७३८०४५८. सरांनी हा तिसरा आकडा फळ्यावर खडूने गुणाकार-भागाकार करून काढला. एक तास गेला. वहीच्या तुकड्यावर तोच आकडा होता. सर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

प्राणी समोर येतो त्या क्षणी साखळी जिथे असेल तिथल्या आकड्यांवरून त्याचं सगळं ठरतं. त्याच्या आकड्याला २५ ने भागून जी बाकी उरेल तो त्याचा स्वभाव: भित्रा, हट्टी, शांत, असे पंचवीस. रंगासाठी चार आकडे लागतात, खेळाडूच्या ओळखीचे दोन आणि प्राण्याच्या आकड्याचे दोन तुकडे. ते शून्य-एकच्या भाषेत एकाखाली एक मांडायचे. ज्या उभ्या रकान्यात एकांची संख्या विषम तिथे एक, सम तिथे शून्य. येणारं उत्तर ८ पेक्षा लहान असेल तर प्राणी चमकतो. अशी ६५५३६ उत्तरं शक्य आहेत, त्यातली आठ कामाची. ६५५३६ भागिले आठ, ८१९२. नशीब म्हणजे हे एवढंच.

मग ज्याला हे कळलं तो काय करेल? साखळीतली योग्य जागा आधी शोधेल, खेळ सुरू करेल, आणि बरोबर त्या क्षणी बटण दाबेल. हा मुलगा तेच करत होता. जागांची यादी त्याने मोबाईलवर कुठून तरी मिळवली होती, पण यादीने काम भागत नाही, कारण क्षण सेकंदाच्या साठाव्या भागाचा असतो आणि अंगठा माणसाचा. म्हणून तो स्टॉपवॉच लावायचा, दाबायचा, आलेल्या प्राण्याचा स्वभाव बघायचा, त्यावरून आपण साखळीत नेमके कुठे पडलो ते ओळखायचा, किती उशीर झाला ते लिहायचा आणि पुढच्या खेपेला तेवढं आधी दाबायचा. दुसरा रकाना तो. अशा सत्त्याण्णव नोंदी होत्या. अंदाज बांधा, करून बघा, चूक मोजा, दुरुस्त करा: विज्ञानाच्या पुस्तकात हे आम्ही पहिल्या धड्यात शिकवतो आणि परीक्षेत पाच ओळी लिहून घेतो. प्रत्यक्ष करताना मी एकही मूल पाहिलं नव्हतं. हे पहिलं. आणि त्याला मार बसला.

काकांची चूक मला समजते. आपल्याकडे आकड्यांचा रकाना म्हणजे मटका, ही समजूत आकाशातून पडलेली नाही. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने येत आणि त्यावर पैसे लागत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव बंद झाले, तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. पत्ते काढायचे, तीन पत्त्यांची बेरीज, तिचा शेवटचा अंक म्हणजे ओपन, नंतर तसाच क्लोज. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजाराचे शब्द तेवढे राहिले. एका अंकाला रुपयाला नऊ रुपये, जोडीला नव्वद. अंक दहा आणि देणं नऊ, म्हणजे प्रत्येक रुपयातले दहा पैसे धंद्याचे. हे कळायला चौथीचं गणित पुरतं. तरीही माणसं जुने चार्ट घेऊन बसतात, स्वप्नात साप आला की कुठला अंक ते ठरवतात, फकिराच्या बोलण्यातून जोडी काढतात. आणि आता मडकंही उरलेलं नाही. कुणी पत्ते काढतं की नाही ते कुणी पाहत नाही, आकडा फक्त मोबाईलवर येतो, सगळ्या चिठ्ठ्या जमा झाल्यानंतर.

म्हणजे फरक बघा. मटक्यावाला जिथे नियम नाही, किंवा असला तर मालकाच्या खिशात आहे, तिथे नियम शोधत बसतो. या मुलाने जिथे नियम खरोखर आहे तिथे तो शोधला. दोघांच्या वहीत आकडेच. एक अडाणीपणाचं टोक, दुसरं त्याच्या बरोबर उलट. दोन्ही वह्या एकाच हाताने फाडायच्या म्हणजे न वाचता फाडायच्या.

गावाचा संताप खरं तर दुसऱ्याच गोष्टीचा होता. उन्हाळ्यात एका तरण्या पोराने ऊसतोडीची उचल मोबाईलवरच्या रमीत घालवली. मुकादमाचे पैसे, बायकोसह कोयता बांधून दिलेला, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच खातं रिकामं. हरत असताना त्याने मला एकदा स्क्रीन दाखवली होती. "मॅडम, फसवणूक नाही, इथं सर्टिफिकेट आहे." खरंच होतं. आरएनजी प्रमाणित. मला तेव्हा ती अक्षरं कळली नव्हती. आता कळतात. तो शिक्का फक्त एवढंच सांगतो की पत्ते प्रामाणिकपणे पिसले जातात. प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा काढते आणि जितके जास्त डाव तितकं तुमचं खातं आटत जातं, हे तो सांगत नाही. यांची साखळी कुठे सुरू होते, कुठे आहे, काय गुणलं जातं ते कंपनीच्या यंत्रात बंद. खेळणाऱ्याच्या हाती अंगठा तेवढा उरतो.

असल्या कंपन्यांपैकी एकीचं नाव दोन वर्षं भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा ते उतरलं. आणि महाराष्ट्र सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवत आलं आहे. यातल्या कशाबद्दलही गावात कुणी वही फाडली नाही. टी-शर्ट तर हौसेने घातले.

जुम्याला बयानात हा विषय निघाला. मशिदीचा भोंगा आमच्या घरात नीट ऐकू येतो. मौलाना म्हणाले की मोबाईलवरचे असे खेळ म्हणजे मैसिर, आणि त्यात युक्त्या करणं म्हणजे तकदीरशी छेडछाड. मौलानांबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळे वस्तीतल्या चार मुली दहावीपर्यंत शाळेत टिकल्या. पण इथे ते चुकले असं माझं मत आहे आणि मी ते त्यांना घरी जाऊन सांगितलं. मैसिर हा शब्द सहज, सोपं या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. बिनश्रमाची कमाई. त्या काळी अरब लोक बाण उचलून कापलेल्या उंटाचे वाटे ठरवत, एकाला मिळायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर किंमत पडायची. इथे कुणाचा उंट कापला गेला? एक पैसा इकडून तिकडे गेला नाही. श्रमाचं म्हणाल तर सत्त्याण्णव नोंदी. आणि तकदीर? जपानमधल्या एका इंजिनियरने लिहिलेल्या गुणाकाराला तकदीर म्हणणं हाच मला तकदीरचा अपमान वाटतो. मौलाना हसले, पण मानले नाहीत. "आपा, आज खेल, कल पैसा," म्हणाले. त्यांच्या या भीतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण ज्याला आकड्यामागचा हिशेब दिसला त्याला रमीचा शिक्का फसवणं जास्त अवघड जाईल, असा माझा भरवसा आहे.

एक गंमत. २००१ मध्ये सौदी अरेबियात पोकेमॉनवर बंदी आली, एक कारण जुगार. २०१६ मध्ये आपल्याकडे गुजरात हायकोर्टात याच पोकेमॉनच्या मोबाईल खेळाविरुद्ध याचिका गेली, कारण त्यातली अंडी मंदिरात दिसतात. घाबरण्याच्या बाबतीत आपल्या सगळ्यांचा इत्तेफाक आहे. उर्दूत या शब्दाचे दोन अर्थ: योगायोग आणि एकमत. वर्गात मी हे शिकवते तेव्हा मुलांना नेहमी मजा वाटते.

आपल्या जलशांमध्ये ख्वारिज्मीचं नाव हमखास निघतं. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, बीजगणित आपण जगाला दिलं, टाळ्या. त्याच्या त्या बीजगणिताच्या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे, म्हणजे घरगुती हिशेबाचा. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या हिशेबाला आपण टाळ्या वाजवतो आणि घरातल्या हिशेबाला थपडा. मला या टाळ्या आता ऐकवत नाहीत.

मुलाच्या बाजूने बोलते म्हणून त्याचं सगळं बरोबर आहे असं नाही. खेळ विकत घेतलेला नव्हता. कुणाकडून तरी फुकट आलेली कॉपी, ती मोबाईलवर चालवणारं ॲपही तसंच. चोरी म्हणायची तर ती आहे, आणि काकांना ती दिसली नाही. त्यांनी स्वतः परवाच सिनेमा तसाच पाहिला होता. दुसरं, हा चमकणारा प्राणी त्याने मित्राला 'जंगलात सापडला' असं सांगून दाखवला. हे मात्र मला खटकलं. मोठ्या स्पर्धांमध्येही हा वाद आहे. २०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत बाहेरच्या साधनाने बनवलेले प्राणी आणणारे नामांकित खेळाडू बाद झाले. वेळ साधून पकडलेला प्राणी तसा नसतो, खेळाच्या आतूनच तो निघतो, त्यामुळे मी त्याला फसवणूक मानत नाही. पण समोरच्याला युक्ती माहीत नसेल तर ती सांगायला हवी. मी त्याला म्हटलं, वर्गात उभा राहून सगळं समजावून सांग. सांगितलं. अर्ध्या वर्गाला कळलं नाही, मागच्या बाकावरच्या दोन मुलींना कळलं, आणि त्यातल्या एकीने विचारलं की साखळी संपते कधी. सरांनी फळ्यावर ४२९४९६७२९६ ला साठने भागलं, मग दिवस काढले. सव्वादोन वर्षांहून थोडं जास्त, मग पुन्हा शून्य.

काकांशी माझं बोलणं झालं. मोबाईल त्यांनी परत दिला, वहीबद्दल मात्र अजून काही बोललेले नाहीत. मी दोनशे पानी नवी वही आणून दिली. पहिल्या रकान्यातले फाटून गेलेले आकडे सरांनी आणि मुलाने मिळून परत काढले, सगळे तेच आले. अंगठ्याच्या उशिराच्या सत्त्याण्णव नोंदींपैकी जेमतेम चाळीस वाचता येतात. त्याने त्या उतरवून घेतल्या नाहीत, पुन्हा एकपासून सुरुवात केली आहे. काल बावीसवर होता.